इंग्लंडमधल्या छोट्या गावाचा टाऊन हॉल कसा पाहावा : इंदूरकरांसाठी

इंदूरच्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात बरीच मंडळी मुलामुलींकडे इंग्लंडला जातात. लंडन पाहण्याचे चार दिवस संपले, की उरलेले दोन-अडीच महिने एखाद्या लहानशा गावात काढायचे असतात. मुलगी-जावई कामावर, नातवंडे शाळेत आणि आपण जेवण आटोपून गावाच्या मुख्य रस्त्यावर, असा दिनक्रम ठरून जातो. अशा गावात जुन्या आणि ठसठशीत इमारती बहुधा दोनच असतात, एक चर्च आणि दुसरा टाऊन हॉल. चर्चची माहिती देणारी पत्रके दारातच ठेवलेली असतात. टाऊन हॉलवर मात्र एखादी पाटी असलीच, तर ती इमारतीचे साल आणि एखाद्या मेयरचे नाव एवढे सांगून गप्प बसते. गेल्या काही वर्षांत मी अशा दहा-बारा इमारती पाहिल्या, काही चुकीच्या पद्धतीने आणि काही बऱ्या पद्धतीने, आणि त्यातून एक क्रम हाती लागला : टाऊन हॉल खालून वर वाचावा. आपली नजर आधी मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे जाते, पण घड्याळ हा या गोष्टीचा शेवटचा अध्याय असतो.

सराव इंदुरातच करावा

निघण्यापूर्वी एक सकाळ काढून महात्मा गांधी मार्गावर, शास्त्री पुलाजवळ, गांधी हॉलसमोर जाऊन उभे राहावे. ज्या इमारतीला आपल्याकडची जुनी माणसे अजून टाऊन हॉल म्हणतात आणि रिक्षावाले घंटाघर म्हणतात, ती इमारत १९०४ साली किंग एडवर्ड हॉल या नावाने उभी राहिली आणि १९४८ मध्ये तिला महात्मा गांधींचे नाव मिळाले. एकाच इमारतीची चार नावे झाली, आणि प्रत्येक नाव वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते : ती कशासाठी होती, लोक तिला कशावरून ओळखतात, बांधताना कोणाला मान द्यायचा होता आणि नंतर कोणाला द्यावासा वाटला. वहीत हे चार प्रश्न लिहून ठेवावेत. इंग्लंडमध्ये तेच जसेच्या तसे उपयोगी पडतात.

हॉलचा आराखडा मुंबईचे वास्तुविशारद चार्ल्स फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा. व्हिक्टोरिया टर्मिनस आणि मुंबई महापालिकेची इमारत ज्यांनी उभारली, त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे हे चिरंजीव. त्यामुळे गॉथिक कमानी आणि आपल्याकडचे घुमट यांचे जे मिश्रण मुंबईत मोठ्या पटावर दिसते, तेच येथे सिवनीच्या दगडात आटोपशीर झाले आहे. १९०३ मध्ये शिवाजीराव होळकरांनी गादी सोडली होती, तिसरे तुकोजीराव वयाने लहान होते आणि कारभार त्यांच्या वतीने चालत होता. अशा काळात नव्या सभागृहाला इंग्लंडच्या राजाचे नाव पडले, यात मला काहीच नवल वाटत नाही. पुढे पाचवे जॉर्ज म्हणून गादीवर आलेले युवराज नोव्हेंबर १९०५ मध्ये इंदुरात आले होते आणि उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले.

आता या इमारतीत काय नाही, ते पाहावे. समोर चारी दिशांना तोंडे असलेले घड्याळ आहे, मोठे सभागृह आहे, पण भाजीवाल्याने पाटी मांडावी अशी खांबांवरची मोकळी जागा खाली कुठेही नाही. ती लागणारही नव्हती, कारण आपला बाजार राजवाडा, सराफा आणि बोहरा बाजार या भागांत आधीच भरभक्कम बसलेला होता. इंदूरचा टाऊन हॉल दरबाराच्या काळात वरून आला. इंग्लंडमधल्या लहान गावाचा टाऊन हॉल खालून, म्हणजे बाजारातून, उगवला. हा फरक डोक्यात पक्का असला, की पुढचे वाचन सोपे जाते.

आधी खाली पाहावे

गावात पोहोचल्यावर टाऊन हॉलच्या दारात न शिरता आधी त्याच्या भोवती एक पूर्ण फेरी मारावी आणि तळमजल्यावर खांब किंवा कमानी आहेत का, ते शोधावे. सतराव्या शतकापर्यंतचा नमुना बहुतेक ठिकाणी सारखाच आहे : खाली चारी बाजूंनी मोकळी, छप्पर असलेली बाजाराची जागा आणि तिच्या डोक्यावर एक खोली. हेरेफर्डशायरमधील लेडबरी येथील मार्केट हाऊसचे काम १६१७ मध्ये सुरू झाले. ओकच्या सोळा खांबांवर काळ्या लाकडी चौकटीची आणि पांढऱ्या भरावाची ती खोली आजही उभी आहे. बाजाराच्या दिवशी मी तेथे गेलो, तेव्हा पाऊस लागला होता आणि आम्ही सगळे, विकणारे आणि नुसते पाहणारे, खांबांमध्ये दाटीवाटीने उभे होतो. एका खांबाच्या कडेवर हात ठेवला, तर कमरेच्या उंचीपर्यंत लाकूड घासून गुळगुळीत आणि त्याच्या वर खरबरीत. चारशे वर्षांत तेथे टेकलेल्या पाठी आणि टोपल्या यांची ती नोंद आहे, आणि ती कोणत्याही पाटीवर लिहिलेली नाही.

खांब का, याचे उत्तर पैशात आहे. आठवड्याचा बाजार भरवणे हा हक्क होता. तो राजाच्या सनदेने मिळे आणि ज्याच्याकडे हक्क, त्याच्याकडे बाजारकर. पावसात भिजणाऱ्या लोण्या-अंड्यांना छप्पर दिले, की विक्रेते येत, कर मिळे आणि त्या करातून डोक्यावरच्या खोलीचा खर्च निघे. बाजारातले तंटे मिटवायला तेथल्या तेथे बसणारे एक न्यायालय असे. दुसऱ्या गावाहून चालत आलेल्या व्यापाऱ्याला पुढच्या तारखेपर्यंत थांबवून चालत नसे, म्हणून त्याचा निकाल लगोलग लागे. त्याचे नाव पायपावडर कोर्ट. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ धुळीने भरलेले पाय असा आहे. त्या फ्रेंच शब्दाचे आणि आपल्या पायाचे मूळ एकच निघते, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव एकदा ऐकले, की विसरता येत नाही.

श्रॉपशायरमधील मच वेन्लॉक येथे १५४० च्या सुमाराचा गिल्डहॉल, म्हणजे जुन्या नावाने टाऊन हॉलच, आहे. त्याच्या खालच्या लाकडी खांबांपैकी एकाला लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत. गुन्हेगाराला तेथे बांधून फटके मारीत. वर न्याय, खाली बाजार आणि मध्ये हा खांब. म्हणून प्रत्येक खांब सर्व बाजूंनी पाहावा, विशेषतः रस्त्याकडे पाठ असलेली बाजू.

पुष्कळ ठिकाणी मात्र कमानी बुजवलेल्या आढळतात. बाजार दुसरीकडे गेला, की मोकळ्या तळमजल्यात आग विझवण्याचा बंब ठेवीत, कोठडी काढीत किंवा काचा लावून दुकान करीत. अशा वेळी कमानीच्या आतल्या भरावाकडे पाहावे. भराव कमानीच्या दगडापासून थोडा आत सरकलेला असेल, त्याच्या विटेचा रंग वेगळा असेल किंवा दोहोंच्या मध्ये सरळ उभी सांध असेल, तर कमान मूळची आणि भिंत नंतरची, असे बिनधास्त लिहावे. दोन्ही एकत्र बांधली असती, तर दगड आणि वीट एकमेकांत गुंतलेल्या दिसल्या असत्या.

वर आणि खाली वेगळे दिसले म्हणून फसू नये

येथे आपला राजवाडा कामाला येतो. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, पण म्हणून ते दोन वेगळ्या काळांत बांधले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वजन पेलण्यासाठी खाली दगड आणि वर हलके लाकूड ही बांधणाऱ्याची योजना आहे. केंटमधील फॅव्हरशॅमचा गिल्डहॉल दिसायला याच जातीचा, खाली लाकडी खांब आणि वर गिलावा केलेली नीटस खोली. पण तेथे फरक काळाचाच आहे. १५७४ मध्ये बाजारगृह म्हणून तो उभा राहिला, १६०३ मध्ये वरच्या भागात गिल्डहॉल आला, आणि नंतर वादळात नुकसान झाल्यावर १८१४ मध्ये वरचा भाग नव्याने बांधला गेला. खालचे खांब मात्र ट्यूडर काळातलेच, म्हणजे सोळाव्या शतकातलेच, राहिले.

योजना कोणती आणि दुरुस्ती कोणती, हे ओळखण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. वरच्या खिडक्यांचे मध्य खालच्या खांबांमधल्या अंतरांशी जुळतात का, ते रस्त्याच्या पलीकडून पाहावे. एकाच डोक्यातून निघालेल्या इमारतीत ते बहुधा जुळतात. दोन पिढ्यांनी बांधलेल्या इमारतीत खिडकी खांबाच्या डोक्यावर येऊन बसते. कसोटी दर वेळी खरी ठरत नाही, पण प्रश्न तरी योग्य पडतो.

भिंत आणि खिडकी : साल काढण्याची हिशेबी पद्धत

दगड कुठला, हे आधी पाहावे. कॉट्सवोल्ड भागात मधासारखा पिवळा चुनखडीचा दगड, हेरेफर्डशायरकडे तांबूस वालुकाश्म, पूर्वेकडे वीट आणि गारगोटी. रेल्वे येण्यापूर्वी जड माल लांबून आणणे परवडत नसे, म्हणून जुनी इमारत आपल्या पायाखालच्या जमिनीच्याच रंगाची असते. इंग्लंडच्या आतल्या भागातील लहान गावात वेल्सच्या निळसर-करड्या पाटीच्या दगडाचे छप्पर दिसले, तर ते छप्पर तरी बहुधा रेल्वेनंतरचे आहे.

विटेच्या भिंतीत विटांची मांडणी पाहावी. एकाच थरात विटेची लांब बाजू आणि आखूड डोके आलटून पालटून येत असतील, तर ती फ्लेमिश मांडणी. एक अख्खा थर लांब बाजूंचा आणि त्यावरचा अख्खा थर डोक्यांचा असेल, तर ती इंग्लिश. फ्लेमिश मांडणी सतराव्या शतकात रूढ झाली आणि अठराव्यात दर्शनी भिंतींवर सर्रास दिसू लागली. वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या १६७० नंतरच्या. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. त्यामुळे सॅशच्या चौकटीत लहान लहान काचांची जाळी असेल, तर ती खिडकी त्याआधीची असण्याचा संभव मोठा, आणि एकच मोठी काच असेल, तर त्यानंतरची.

हे सारे मी फजितीनंतर शिकलो. मुलीच्या गावातील टाऊन हॉलवर घड्याळाच्या खाली १८८७ असे कोरलेले होते. मी ते वहीत इमारतीचे साल म्हणून टिपले, नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी सांगितले, आणि तिच्या बाईंनी ते लाल शाईने खोडून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी हॉलच्या रखवालदाराला विचारले, तेव्हा कळले, की राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली म्हणून गावाने ते घड्याळ बसवले होते. खालची इमारत त्याहून शंभर वर्षांनी जुनी. लहान काचांची जाळी आणि फ्लेमिश विटा मला सारे सांगत होत्या, पण मी वाचत होतो पाटी. तेव्हापासून कोरलेले साल दिसले, की ते साल नेमके कशाचे, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही : पायाचा दगड, उद्घाटन, घड्याळ, की दुरुस्ती? १८८७ आणि १८९७ ही राणीच्या सुवर्ण आणि हीरक महोत्सवांची साले तर इंग्लंडभर पसरली आहेत. तेवढ्यावरून संशय घ्यावा.

वरच्या खोलीत

जिना सापडला आणि वर जायला मिळाले, तर आधी न्यायासनाच्या किंवा अध्यक्षांच्या खुर्चीमागे राजचिन्ह आहे का, ते पाहावे. सिंह आणि एकशिंगी घोडा यांच्यामधल्या ढालीत निळ्यावर सोनेरी लिलीची फुले असतील, तर ते चिन्ह १८०१ पूर्वीचे, कारण फ्रान्सच्या गादीवरचा जुना दावा दाखवणारी ही फुले त्या वर्षी काढून टाकली गेली. ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल असेल आणि लिली नसतील, तर १८०१ ते १८३७ या काळातले. ही छोटी ढाल जर्मनीतील हॅनोव्हरच्या राज्याची. ते राज्य व्हिक्टोरियाला मिळाले नाही, म्हणून तिच्या राज्यारोहणानंतर ती छोटी ढाल गेली. दोन्ही नसतील, तर चिन्ह त्यानंतरचे. इतकी खात्रीची तारीख देणारी दुसरी वस्तू टाऊन हॉलमध्ये क्वचितच सापडते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

मग भिंतीवरचा मेयरांच्या नावांचा सोनेरी अक्षरांतला फळा. तो नावांसाठी वाचू नये. आडनावे कोठे एकाच घराण्याची सतत येतात आणि कोठे अचानक बदलतात, ते पाहावे. जुन्या बरोंमध्ये, म्हणजे सनदेने स्वतःचा कारभार मिळालेल्या गावांमध्ये, सभासदच पुढचे सभासद निवडीत, म्हणजे गावचा कारभार चार-पाच घराण्यांच्या ओसरीवरच चाले. १८३५ च्या कायद्याने १७८ बरोंमध्ये करदात्यांनी निवडलेली मंडळे आणली. जी अगदी लहान गावे तेव्हा सुटली, त्यांतल्या बहुतेकांचा जुना दर्जा १८८३ च्या कायद्याने संपवला. त्यामुळे फळ्यावर १८३५-३६ च्या सुमाराला दुकानदार आणि गिरणीवाले यांची नवी आडनावे दिसू लागली, तर ती कायद्याची करणी समजावी.

फळा मुळीच नसेल, तर इमारत नगरपालिकेची नसून कंपनीची असू शकते. आपल्याला हे चमत्कारिक वाटते, पण व्हिक्टोरियाच्या काळात पुष्कळ लहान गावांतील टाऊन हॉल स्थानिक व्यापाऱ्यांनी भाग विकून, कंपनी काढून बांधले. आठवड्यातून एकदा धान्याचे सौदे, बाकीच्या दिवशी व्याख्याने, नाच आणि नाटके, आणि भाड्यातून भागधारकांना लाभांश. १८९४ च्या कायद्याने शहरी जिल्हा मंडळे आल्यावर अशा काही इमारती मंडळांनी विकत घेतल्या. आपल्या गांधी हॉलमध्ये पुस्तकांची आणि चित्रांची प्रदर्शने भरतात, तेव्हा आपणही त्याच उपयोगाच्या परंपरेत बसतो. फक्त लाभांश कोणाला मिळत नाही.

१९७४ मध्ये इंग्लंडमधील स्थानिक कारभाराची फेररचना झाली आणि लहान बरोंचे अधिकार मोठ्या जिल्हा परिषदांकडे गेले. मेयरची साखळी आणि टोपी उरली, कामकाज उरले नाही. आज वरच्या खोलीत लग्ने, नृत्याचे वर्ग किंवा संग्रहालय दिसते, त्याचे कारण बहुधा हे असते. अ‍ॅबिंग्डनमधील १६७८ साली सुरू झालेल्या भव्य काउंटी हॉलमध्येही आता संग्रहालय आहे. तेथे खाली बाजार आणि वर फिरते न्यायालय बसे. राजघराण्यातील मोठ्या प्रसंगी त्याच्या छपरावरून खाली जमलेल्या गर्दीवर बनपाव फेकण्याची प्रथा आहे. इंदूरकराला खाण्याची वस्तू वरून फेकलेली रुचणार नाही, पण गर्दी मात्र तेथेही तशीच हात वर करून उभी असते.

घड्याळाविषयी थोडेच. रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर चाले आणि पश्चिमेकडची गावे लंडनच्या काही मिनिटे मागे असत. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजवरील, म्हणजे धान्याच्या सौद्यांच्या इमारतीवरील, घड्याळाला त्यामुळे आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक गावाचा आणि एक लंडनचा. ग्रिनिचची वेळ कायद्याने १८८० मध्ये लागू झाली.

घरी परतल्यावर

पाहून झाल्यावर, आधी नव्हे, कागद शोधावेत. इंग्लंडमधील संरक्षित इमारतींची राष्ट्रीय यादी हिस्टॉरिक इंग्लंडच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. गावाचे नाव घातले, की इमारतीचे तपशीलवार वर्णन मिळते. संरक्षणाचे तीन दर्जे आहेत, पहिला, तारांकित दुसरा आणि साधा दुसरा, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती सर्वांत खालच्या, म्हणजे साध्या दुसऱ्या दर्जात असतात. तेव्हा आपला टाऊन हॉल त्यात निघाला, म्हणून हिरमुसले होऊ नये. जुने मोजणीचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जालावर ठेवले आहेत आणि त्यांत इंग्लंडही येते. एरवी बंद असलेल्या खोल्या पाहायच्या असतील, तर मुक्काम सप्टेंबरपर्यंत लांबवावा, कारण त्या महिन्यातील हेरिटेज ओपन डेजमध्ये अनेक टाऊन हॉल विनामूल्य उघडतात. व्हिसाच्या तारखा मात्र आधी तपासाव्यात.

लंडनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे ठिकाण हवे असेल, तर विंडसरचा किल्ला पाहून झाल्यावर समोरच्या रस्त्यावरील गिल्डहॉल चुकवू नये. १६८७ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि मूळ बांधणारा वारल्यावर लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे वास्तुविशारद सर ख्रिस्तोफर रेन यांनी ते पुरे केले. तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत मधले चार खांब आहेत. गावच्या सभासदांना वरचा मजला कोसळेल अशी भीती वाटली, म्हणून रेन यांनी ते खांब उभे केले, पण छताला टेकू दिले नाहीत, अशी दंतकथा तेथे प्रत्येक जण सांगतो. ती खरी मानावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला ती फारच सोयीची वाटते. खांबाच्या अगदी जवळ जाऊन मान वर करावी आणि खांबाचे डोके व छत यांच्यामध्ये शिरलेला प्रकाश पाहावा.